पोर्सेलीन व्हिनियर किती वर्षं टिकतात, आणि चहा-हळदीने पिवळे पडतात का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका आहेत. वरच्या पुढच्या दोन दातांचे कोपरे लहानपणी पडून तुटलेले, आणि शेजारच्या दोन दातांवर पांढरट-तपकिरी ठिपके. त्यांच्या डॉक्टरांनी चार पोर्सेलीन व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची चिनी मातीसारखी पातळ पापुद्री) सुचवलीत आणि 'आयुष्यभर बघायला नको' असं सांगितलंय. ताईंच्या शंका तीन. दिवसाला पाच-सहा कप चहा होतो आणि जेवणात हळद असतेच, मग डाग पडतील का? आयुष्यभर खरंच टिकतात का? आणि मोठ्या बहिणीने कॉम्पोझिटची व्हिनियर केली होती, ती दोन वर्षांत पिवळी पडली, आता तिने काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. पोर्सेलीनमध्ये चहा मुरत नाही. वरवर थर बसला तरी पॉलिश केला की जातो. डाग धरतो तो पोर्सेलीन आणि दात यांच्या मधला सांधा. आणि टिकण्याचं म्हणाल तर नीट बसवलेलं व्हिनियर दहा-पंधरा वर्षं सहज काढतं, वीसही काढतं; पण 'आयुष्यभर' हा शब्द मी खुर्चीत बसलेल्या माणसाला कधीच देत नाही. चौतिशीतल्या माणसाला तर नाहीच.

घरातला चिनी मातीचा कप घ्या. वीस वर्षं रोज चहा पिऊनही घासला की आतून पांढराशुभ्र. त्याच कपाला बारीक तडा गेला की त्या रेषेत चहा शिरतो, आणि ती तपकिरी रेघ काही केल्या जात नाही. व्हिनियरचं अगदी असंच असतं. भट्टीत भाजताना पोर्सेलीनच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते, तिला आम्ही ग्लेझ म्हणतो. तिला छिद्रं जवळपास नसतातच, त्यामुळे चहा, कॉफी, हळद, कोकम यांचा रंग आत शिरायला वाटच मिळत नाही. आपल्या स्वतःच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवचसुद्धा या बाबतीत ग्लेझच्या मागे आहे.

कॉम्पोझिट ही वेगळी जात. ते मुळात प्लॅस्टिक आणि त्यात काचेची पूड. प्लॅस्टिक थोडं पाणी पितं, आणि पाण्याबरोबर रंगही. हळदीतलं कर्क्युमिन तर तेलात विरघळणारं, त्यामुळे ते प्लॅस्टिकला चटकन चिकटतं. डब्यात वरणभात नेणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही: स्टीलचा डबा धुतला की स्वच्छ, आणि प्लॅस्टिकचं झाकण कायमचं पिवळं. (ते झाकण दोन दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो, कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. तोंडात ऊन पडत नाही, ही अडचण.)

म्हणजे पोर्सेलीनवर काहीच दिसणार नाही असं नाही. ब्रश केल्यावर काही मिनिटांत लाळेचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, तसा पोर्सेलीनवरही बसतो, आणि चहाचा रंग त्या पापुद्र्याला धरतो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोन-तीन आठवडे वापरला तर व्हिनियरच्या कडेला तपकिरी छटा येते आणि माणूस घाबरून धावत येतो. हा रंग वरचा. पाच मिनिटं मऊ रबर कप आणि बारीक पेस्टने पॉलिश केलं की गेला. त्यामुळे चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही. सांगूनही कुणी सोडत नाही. चहानंतर दोन घोट पाणी तोंडात खुळखुळवा, एवढं पुरतं.

आता सांध्याकडे येतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स आठवा. टाइल दहा वर्षं पांढरीच राहते, दोन टाइल्सच्या फटीत भरलेलं पांढरं सिमेंट मात्र काळं पडतं. व्हिनियर दाताला ज्या सिमेंटने चिकटवतात ते रेझिनचं, म्हणजे कॉम्पोझिटचंच भावंड. व्हिनियरची कड जिथे संपते तिथे त्या सिमेंटची केसाएवढी रेघ तोंडात उघडी राहते. कड अचूक बसली असेल तर रेघ इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. लॅबचं काम ढिलं असेल, किंवा बसवताना व्हिनियर पुरतं खाली दाबलं गेलं नसेल, तर ती जाड होते, ब्रशने झिजते, तिथे बारीक खाच पडते, आणि खाचेत चहा, तंबाखू, मिश्री जे असेल ते बसतं.

मिश्रीवरून एक काकू आठवतात. मुलाच्या लग्नाआधी त्यांनी वरचे चार दात माझ्याकडून करून घेतले. मिश्री सोडली, अशी शपथ माझ्यासमोर घेतली. अकरा वर्षांनी आल्या. दात पुसून, वाळवून भिंगातून पाहिलं तर पोर्सेलीनवर ओरखडाही नाही, बसवलं त्या दिवशीसारखं लख्ख. पण चारही दातांना हिरडीलगत तपकिरी महिरप. हिरडी मिश्री घासून घासून दीड-दोन मिलिमीटर वर सरकली होती, खालचं पिवळट मूळ उघडं पडलं होतं, आणि सांध्याची रेघ काळपट तपकिरी झाली होती. काकू म्हणाल्या, 'डॉक्टर, दात चांगले आहेत हो तुमचे, फक्त चौकट खराब झाली.' यापेक्षा नेमकं निदान मलाही करता आलं नसतं.

म्हणून कुणी 'व्हिनियर पिवळं पडलं' म्हणत आलं की मी आधी ते पिवळेपण कुठलं ते शोधतो. वरचा थर असेल तर पॉलिशने जातो. कडेची रेघ असेल आणि अणकुचीदार सळई तिथे अडकत नसेल तर ती घासून गुळगुळीत करता येते. अडकत असेल तर खाली कीड शिरली का ते बघावं लागतं. तिसरा प्रकार फसवा असतो: संपूर्ण दातच आतून पिवळा किंवा करडा दिसतो. व्हिनियर अर्धा मिलिमीटर जाडीची काच, तिच्यामागचं सगळं थोडंफार दिसतंच. दाताची नस मेली आणि दात काळवंडला, तर तो रंग पुढे झिरपतो. किंवा सिमेंटच रंग बदलतं. जी सिमेंट उजेडाने आणि रसायनानेही अशी दोन्हीकडून घट्ट होतात, त्यांतल्या काहींमधली अमाइन नावाची रसायनं काही वर्षांनी पिवळी पडतात. पातळ व्हिनियरसाठी फक्त निळ्या उजेडाने घट्ट होणारं सिमेंट वापरायचं ते यासाठीच. तुमच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. विचारलेलं आवडत नसेल तर तेही कळेल.

ग्लेझ मात्र खराब करता येते, आणि बऱ्याचदा ती आम्हीच खराब करतो. व्हिनियर बसवल्यावर चावताना उंच लागलं म्हणून डॉक्टर बरने, म्हणजे दात कोरायच्या फिरत्या टोकाने, घासतात. तिथली चकाकी गेली, आता ती जागा खरखरीत. ती रबर पॉलिशर आणि हिऱ्याच्या पेस्टने परत आरशासारखी करायला हवी. घाईत ते राहून जातं. मग तिथे रंगही बसतो आणि समोरचा खालचा दातही कानस लावल्यासारखा झिजतो. दुसरं म्हणजे फ्लोराइडची आंबट जेल. किडीपासून बचावासाठी दवाखान्यात ट्रेमध्ये घालून लावतात ती १.२३ टक्क्यांची आम्लयुक्त जेल पोर्सेलीनची चकाकी खाते. व्हिनियर असलेल्याला उदासीन, म्हणजे आंबट नसलेलं फ्लोराइड लावायचं. क्लिनिंगला जाल तेव्हा 'मला पुढे व्हिनियर आहेत' हे खुर्चीत बसतानाच सांगा, कारण स्केलरचं कंप पावणारं टोक व्हिनियरच्या कडेवर टेकलं तर कपचा उडू शकतो. नवीन ठिकाणी गेलात आणि काम चांगलं झालेलं असेल तर डॉक्टरला पटकन कळणारही नाही की हे खोटं आहे. घरी कोळशाची पूड, तंबाखूचं मंजन, मीठ-राख यांतलं काही लावू नका. पांढरे व्हायला घासतात आणि सांधे काळे होतात.

आता टिकण्याचं. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या दंतवैद्यांनी ८४ जणांच्या तोंडातल्या ३१८ व्हिनियरचा हिशोब मांडला, तो २०१२ साली छापून आला. पाच वर्षांनी सुमारे ९४ टक्के शाबूत, दहा वर्षांनी ९३ च्या वर, वीस वर्षांनी सुमारे ८३. हे आकडे मी लोकांना सांगतो तेव्हा सगळे वीस वर्षांच्या आकड्याकडे बघतात. मला त्यातली पहिली पाच वर्षं जास्त बोलकी वाटतात. पहिल्या पाच वर्षांत शंभरातली सहाएक गेली आणि पुढच्या पाचांत जेमतेम एक. म्हणजे जे बिघडायचं ते बरंचसं लवकर बिघडतं, आणि लवकर बिघडणारं बहुधा म्हाताऱ्या पोर्सेलीनमुळे बिघडत नाही. बसवण्यात किंवा निवडीत चूक असते. त्याच अभ्यासात झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये व्हिनियर निकामी होण्याचा धोका साडेसात पटींहून जास्त निघाला, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कडेचे डाग जास्त. काकूंची चौकट तिथेही होती म्हणायची.

निवडीत चूक म्हणजे काय, हे कळायला थोडा इतिहास लागेल. १९३० च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटनट्यांना पातळ पोर्सेलीनच्या पट्ट्या करून देत. त्या कवळी चिकटवायच्या पावडरीने चिकटवायच्या, शॉट द्यायचा आणि जेवायच्या आधी काढून ठेवायच्या. दिसायला झकास, टिकायला शून्य, कारण दाताला धरून ठेवेल असं काही हातात नव्हतं. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ लावलं तर त्यावर अतिसूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन त्यांत रुतून बसतं. धातूला रंग देण्याआधी कारखान्यात आम्ल लावतात, त्यावरून त्यांना ते सुचलं होतं. पोर्सेलीनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने तशीच खरखरीत करता येते हे कळून व्हिनियर खऱ्या अर्थाने शक्य झालं ते १९८० नंतर. आज तुमच्या दातावर जे होणार ते याच दोन आम्लांचं काम आहे.

आता यातली मेख. हे सगळं रुतून बसणं इनॅमलवर उत्तम होतं. इनॅमलच्या खालचं डेंटिन ओलसर, त्यात पाण्याने भरलेल्या नळ्या. तिथला जोड सुरुवातीला बरा वाटतो पण वर्षागणिक कमजोर होतो. आणि पुढच्या दाताचं इनॅमल हिरडीजवळ फक्त ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतं. व्हिनियरला जागा करायला नेहमीप्रमाणे अर्धा मिलिमीटर कोरलं की तिथे इनॅमल संपलंच.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो ते हात पोळल्यावर. दवाखाना सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. एका तरुणाचे दात थोडे पुढे होते, त्याला क्लिपा लावायच्या नव्हत्या, लग्न दोन महिन्यांवर. मी दात मागे दिसावेत म्हणून चांगलेच कोरले, आणि रबर डॅमही (दात लाळेपासून कोरडे ठेवणारा रबराचा पडदा) लावला नाही. फोटो सुंदर आले. आठ महिन्यांनी तो खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवतो, आत दोन व्हिनियर, अख्खी, एकालाही तडा नाही. एक भाकरीच्या तुकड्याबरोबर निघालं होतं. उलटं करून पाहिलं तर सगळं सिमेंट व्हिनियरला चिकटलेलं आणि दाताची बाजू साफ कोरी. काच निर्दोष होती, सिमेंटही काचेला धरून होतं. सुटलं होतं ते दाताकडून, कारण त्या दातावर धरायला इनॅमल मी ठेवलंच नव्हतं. त्याला शेवटी कॅप कराव्या लागल्या, माझ्या खर्चाने. व्हिनियरसाठी दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के, असं एका जुन्या मोजणीत वजन करून दाखवलंय. त्या मुलाचे किती गेले याचा हिशोब मी कधी मांडला नाही.

तेव्हापासून मी आधी तोंडात मॉक-अप करतो: मेणावर नव्या दातांचा आकार घडवायचा, त्याचा साचा घ्यायचा, आणि न कोरलेल्या दातांवर तात्पुरतं कॉम्पोझिट साच्याने चढवायचं. माणूस आरशात बघतो, घरच्यांना दाखवतो. मग कोरायचं ते त्या मॉक-अपमधून, म्हणजे जिथे दात मुळातच आत आहे तिथे बर दाताला लागतसुद्धा नाही. तुमच्या तुटक्या कोपऱ्यांच्या जागी दात आधीच गेलेला आहे, तिथे कोरायला फारसं काही नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

बसवायचा दिवस लांबलचक असतो आणि तसाच असायला हवा. व्हिनियर हातात घेतलं तर माशाच्या खवल्याएवढं, चिमटीत जोरात दाबलं तर मोडेल. आतून आम्ल, लिथियम डायसिलिकेट हा पोर्सेलीनचा मजबूत प्रकार असेल तर ५ टक्क्यांचं, वीस सेकंद, जास्त नाही. धुऊन वाळवलं की आतली बाजू खडूसारखी पांढरी दिसते. मग सिलेन, हा काच आणि रेझिन यांच्यातला मध्यस्थ. इकडे दात रबर डॅममध्ये वेगळे काढलेले, त्यांच्यावर फॉस्फरिक आम्ल पंधरा ते तीस सेकंद. या वेळी एक उसासा, लाळेचा एक थेंब, हिरडीतून रक्ताचा एक ठिपका आला तरी पुन्हा पहिल्यापासून. चार व्हिनियरना मला दीड-दोन तास लागतात. अर्ध्या तासात चार बसवून देणारे पाहिलेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा जलद असेलही.

साहित्याबद्दल लोक फार विचारतात, खरं तर त्यात एवढं दडलेलं नाही. जुनं फेल्डस्पारचं पोर्सेलीन दिसायला सगळ्यात जिवंत, पण वाकवण्याची ताकद शंभर मेगापास्कलच्या आत. लिथियम डायसिलिकेट साडेतीनशे-चारशेच्या घरात. झिरकोनिया हजाराच्या आसपास, पण हायड्रोफ्लोरिक आम्ल त्यावर चालत नाही, त्यामुळे ते चिकटवायची पद्धतच निराळी. आणि व्हिनियर जगतं ते चिकटण्यावर. पोकळ बसलेली फरशी टाचेखालीही तडकते, आणि गवंड्याने खाली भरीव माल घालून बसवलेल्या तशाच फरशीवर कपाट ठेवलं तरी काही होत नाही. तुमच्यासारख्या कामाला लिथियम डायसिलिकेट मी सहसा निवडतो. बिलावर साहित्याचं नाव लिहून मागा. लॅबचं वॉरंटी कार्ड मिळेल तर घ्या, पण बहुधा ते काचेची हमी देतं, तुमच्या दाताची आणि जोडाची नाही.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे तुमचाच जबडा. झोपेत दात खाता का, हे स्वतःला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. सकाळी कानशिलं जड वाटणं, सुळ्यांची टोकं सपाट झालेली असणं, या खुणा. असं असेल तर व्हिनियर करू नयेतच असं नाही, पण रात्री घालायचा कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड त्याच खर्चात धरा, आणि तो डबीत ठेवून देण्यासाठी नसतो हेही लक्षात ठेवा. दिवसाचं सांगायचं तर व्हिनियर दाबाला भितं त्यापेक्षा ओढण्याला आणि पिळण्याला भितं. ऊस सोलणं, सुपारी फोडणं, मटणाची नळी, चिक्की, अख्खा पेरू पुढच्या दातांनी फोडणं हे बंद. पेरू चिरून खा, कणसाचे दाणे सोडवून खा. एका शिंप्याचं व्हिनियर मी दोनदा नवं केलं, दोन्ही वेळा तुटलेली जागा एकच, जिथे तो दोरा तोडायचा. तिसऱ्या वेळी त्याला कात्री भेट दिली. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारतो: वह्या तपासताना लाल पेनाचं टोपण चावता का?

आता तुमच्या चार दातांबद्दल. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोलणं बरोबर नाही, तरी एवढं नक्की विचारावंसं वाटतं, की चार कशाला? तुटलेल्या दोनांचं कळतं. शेजारच्या दोघांवर फक्त ठिपके असतील तर ते फ्लोराइडचे आहेत का ते आधी बघा. लहानपण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडवाल्या विहिरी-बोअरच्या भागात गेलं असेल तर शक्यता बरीच. असे ठिपके सौम्य असतील तर इनॅमलचा अगदी वरचा थर आम्ल-पेस्टने घासून, नाहीतर घरच्या ट्रेमधल्या ब्लीचिंगने, किंवा पातळ रेझिन आत मुरवून पुष्कळ फिके होतात, दात न कोरता. डाग खोल आणि गडद असतील तर व्हिनियर ठीक. फक्त अशा दातांचं वरचं इनॅमल आम्लाला दाद देत नाही, तिथे आम्ल लावून ठेवायचा वेळ वाढवावा लागतो. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असेलच.

ब्लीचिंग करायचं ठरलं तर ते आधी. पोर्सेलीनचा रंग ब्लीचने बदलत नाही, एकदा जी शेड ठरली ती ठरली. ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबा, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही आणि रंगही तोवर स्थिरावत नाही. आणि शेड निवडताना फार पांढरी घेऊ नका. तुमचे बाकीचे दात वयाप्रमाणे थोडे पिवळसर होत जाणार, ही चार मात्र आहेत तिथेच थांबणार. दहा वर्षांनी लोक 'तुमचे व्हिनियर पिवळे पडले नाहीत वाटतं' असं म्हणतील, आणि ते कौतुक नसेल.

'आयुष्यभर'चा हिशोब असा: आज ३४, वीस वर्षं निघाली तर ५४ ला एकदा बदलायची, ७४ ला पुन्हा. जुनं व्हिनियर सहसा बरने घासूनच काढतात, आणि कितीही जपलं तरी दर वेळी थोडं इनॅमल जातं, जे परत येत नाही. तुटके कोपरे फार मोठे नसतील तर यातली पहिली वीस वर्षं मी कॉम्पोझिटवर काढायचा विचार करेन. डागेल, दर वर्षी-दोन वर्षांनी पॉलिश लागेल, मधे एकदा-दोनदा नवं करावं लागेल. पण दात अख्खा राहील आणि पोर्सेलीनचा रस्ता पुढेही उघडा असेल. मोठा तुकडा गेलेला असेल, दात विद्रूप दिसत असेल, तर मात्र पोर्सेलीनच.

राहिली बहीण. तिला सांगा, लगेच काढून पोर्सेलीन करू नको. दोन वर्षांत आलेला पिवळेपणा बऱ्याचदा वरच्या पातळ थरातला असतो, आणि पॉलिश शेवटपर्यंत केलेलं नसलं तर तो लवकर येतो. तिचे डॉक्टर बारीक होत जाणाऱ्या तीन-चार डिस्कनी वरचा थर घासून पुन्हा चकाकी आणू शकतील. एका बैठकीचं काम आहे, सुई लागत नाही. त्यानंतरही आतून पिवळं दिसलं तर वरचा अर्धा मिलिमीटर काढून नवीन कॉम्पोझिट चढवता येतं. आणि त्याच बैठकीत कडेला कीड नाही ना, एवढं बघून घ्यायला सांगा. दोन वर्षं झालीत, बघायची वेळ तशीही झालेली आहे.